एसएसडी वीस गिगाबिटचा, वेग चाळीस एमबीचा: घरच्या कॉम्प्युटरच्या जोडणीचं एक प्रकरण

माझी आतेबहीण घरूनच मुलाखती आणि माहितीपटांचं एडिटिंग करते. डेस्कटॉप काही वर्षं जुना आहे, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड अजून कामाला पुरून उरतात. फुटेज तिच्याकडे तीन वाटांनी येतं: कॅमेऱ्याची एसडी कार्डं, दिग्दर्शिकेने पाठवलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्क, आणि या कामात भर म्हणून मिनी डीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ) टेपांचा एक गठ्ठा. त्यातलं जुनं चित्रण नव्या फिल्ममध्ये घ्यायचं होतं. कच्चा कट झाला की सगळा प्रोजेक्ट दिग्दर्शिकेकडे न्यायचा आणि तिच्या लॅपटॉपला लावून दोघींनी पुढे काम करायचं, अशी पद्धत. त्यामुळे डिस्क बाहेरचीच हवी होती. कॅबिनेटच्या आत आणखी एक डिस्क बसवणं हा एरवी सर्वांत सोपा आणि वेगवान उपाय, पण इथे तो पहिल्यापासूनच बाद होता.

म्हणून तिने टाइप-सी पोर्टचा एक पोर्टेबल एसएसडी घेतला. खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदाला २००० एमबी असा छापलेला. घरी लावला तर कॉपी चाळीस एमबीच्या वर सरकेना. तिने काढलेला निष्कर्ष असा की कॉम्प्युटर जुना झाला, आता थंडरबोल्ट (यूएसबीहून वेगवान जोडणीचा प्रकार) असलेला नवा घ्यावा. कोणता घेऊ, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

मी म्हटलं, "ताई, घ्यायचं काय ते नंतर ठरवू. आधी हे चाळीस कुठून आले ते शोधू."

चाळीसचा आकडा

हा आकडा खूप काही सांगून जातो. यूएसबी २.० हे मानक २००० सालचं. त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठाने भागल्यावर (आठ बिटांचा एक बाइट) ६० एमबी. त्यातला बराच भाग बोलाचालीच्या शिष्टाचारात जातो आणि डिस्कच्या वाट्याला तीस ते चाळीस एमबी उरतात. एसएसडी चाळीसवर अडकला की तो जवळजवळ नक्कीच यूएसबी २.० म्हणून जोडला गेलेला असतो. कॉम्प्युटरच्या वयाचा इथे संबंध नव्हता, कारण त्याच्या मागच्या बाजूला चार निळे यूएसबी ३.० पोर्ट होते आणि २००८ साली आलेल्या त्या मानकाचा वेग ५ गिगाबिट आहे.

पहिला संशय केबलवर. एसएसडीसोबत आलेल्या केबलची दोन्ही टोकं टाइप-सी होती आणि या कॉम्प्युटरला टाइप-सी पोर्टच नाही. म्हणून ताईने घरातली दुसरी केबल वापरली होती, एका टोकाला सी आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचं चपटं टोक. ती फोनच्या चार्जरची केबल निघाली. अशा बहुतेक केबलींमध्ये वीज वाहणाऱ्या तारा आणि यूएसबी २.० ची डेटाची एक जोडी, एवढंच असतं. वरच्या वेगासाठी लागणाऱ्या जास्तीच्या जोड्या त्यात घातलेल्याच नसतात. बाहेरून मात्र दोन्ही केबली सारख्याच दिसतात. टाइप-सी हे टोकाच्या आकाराचं नाव आहे, त्यावरून वेग कळत नाही. हे केबलीवर ठळक छापणं बंधनकारक असायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी केबल आली, वेग वाढला, पण भरवशाचा नव्हता. कधी चारशेच्या पुढे, कधी पुन्हा चाळीस. ती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात लावत होती, कारण तिथे हात पोचतो. पुढचा पोर्ट थेट मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर, नसतो. आतून एक जाड केबल बोर्डवरच्या पिनांपर्यंत गेलेली असते. साध्या कॅबिनेटमध्ये या केबलचा दर्जा बेताचाच असतो आणि ५ गिगाबिटला तेवढंही खटकतं. चुका वाढल्या की जोडणी खालच्या वेगावर उतरते किंवा डिस्क मधूनच गायब होते.

तिथेच आणखी एक बारीक गोष्ट दिसली. केबलीच्या चपट्या प्लगात टॉर्च मारून बघितलं तर पुढच्या बाजूला चार पट्ट्या आणि त्यांच्या मागे खोलवर पाच. पुढच्या चार जुन्या यूएसबीच्या, मागच्या पाच वरच्या वेगाच्या. प्लग हळूहळू सरकवला तर पुढच्या चार आधी टेकतात. तेवढ्यात कॉम्प्युटर त्या उपकरणाला यूएसबी २.० समजून मोकळा होतो आणि मागच्या पट्ट्या टेकल्या तरी तोच वेग राहू शकतो. ताई सगळं जपून, हलक्या हाताने करते, आणि इथे तेच आडवं येत होतं. प्लग एका दमात पूर्ण आत बसवल्यावर पुढच्या पोर्टातही बहुतेकदा वरचा वेग मिळू लागला.

मागच्या पोर्टात, धड केबलने, वेग ४३० एमबीच्या आसपास स्थिरावला. ५ गिगाबिटच्या जोडणीत दर आठ बिटांसाठी दहा बिट पाठवावे लागतात. त्यामुळे ६२५ ऐवजी ५०० एमबी हीच कमाल मर्यादा, आणि त्यात ४३० म्हणजे चोख. एका केबलीवर दहापट वेग मिळाला होता.

जोडणी कोणत्या वेगावर जुळली आहे हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणासमोर तो लिहिलेला असतो. लिनक्समध्ये यूएसबी उपकरणांची झाडासारखी यादी काढली की ४८०, ५००० किंवा १०००० असा आकडा आणि त्याच ओळीत ड्रायव्हरचं नाव दिसतं. विंडोजमध्ये निदान ड्रायव्हर तपासावा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क 'यूएएस' या नावाखाली आली असेल तर चांगलं. जुन्या पद्धतीत डिस्कला एका वेळी एकच हुकूम देता येतो, तो संपला की पुढचा. यूएएस पद्धतीत अनेक हुकूम रांगेत लावता येतात. मोठी सलग फाइल कॉपी करताना फरक थोडा पडतो. एडिटिंगमध्ये मात्र टाइमलाइनवर मागे-पुढे उड्या मारताना डिस्ककडे शेकडो छोट्या मागण्या जातात, तिथे तो लगेच जाणवतो.

किती वेग लागतो

इथपर्यंत आल्यावर ताई म्हणाली, "पण खोक्यावर दोन हजार लिहिलेत."

लिहिलेत, आणि ते खोटं नाही. पण ते ज्या जोडणीसाठी आहे तिचं नाव यूएसबी ३.२ जेन २ गुणिले २. या नावांनी लोकांना फार छळलं आहे. २००८ चं यूएसबी ३.० हे २०१३ साली ३.१ जेन १ झालं आणि २०१७ साली ३.२ जेन १. तार तीच, वेग तोच ५ गिगाबिट. १० गिगाबिटची जोडणी ३.२ जेन २, आणि टाइप-सीमधल्या दोन्ही मार्गिका एकदम वापरून २० गिगाबिट देणारी ती गुणिले दोनवाली. माझा सल्ला असा की नाव वाचूच नये, गिगाबिटचा आकडा शोधावा, आणि तो छापलेला नसेल तर वस्तू खाली ठेवावी.

मग आम्ही तिचं खरं काम कागदावर मांडलं. तिचं ४के फुटेज साधारण १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी आणि तासाला ४५ जीबी. तीन कॅमेऱ्यांची मुलाखत एकदम चालवली तरी ३८ एमबी. काही फुटेज ४०० मेगाबिटचं असतं. त्याचे तीन प्रवाह घेतले तर १५० एमबी. म्हणजे प्रत्यक्ष एडिटिंगला ५ गिगाबिटची जोडणी भरपूर झाली. टाइमलाइन अडखळत असेल तर कारण प्रोसेसरमध्ये किंवा फुटेजच्या प्रकारात शोधायला हवं, केबलीत नाही.

वेग लागतो तो कॉपीला, आणि तिथे खालच्या टोकाचंच चालतं. कार्डं यूएचएस-१ प्रकारची आहेत. त्यांची कमाल मर्यादाच १०४ एमबी, प्रत्यक्षात नव्वद धरा. १२८ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला चोवीस मिनिटं लागणार, पलीकडचा एसएसडी चारशेचा असो की दोन हजारांचा. दिग्दर्शिकेच्या पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आहे. ती सेकंदाला १२० एमबीच्या आसपास देते, म्हणजे ५०० जीबीला एक तास दहा मिनिटं. इथेही पोर्ट बदलून मिनिटभरही वाचत नाही.

वाचतं ते एकाच ठिकाणी. प्रोजेक्ट बाहेर नेण्याआधी ताई एसएसडीवरचं सगळं आतल्या एनव्हीएमई डिस्कवर (कॅबिनेटमधल्या वेगवान एसएसडीवर) उतरवून ठेवते. ती डिस्क सेकंदाला काही हजार एमबी सहज घेते. ५०० जीबी चाळीसच्या वेगाने साडेतीन तास, ४३० च्या वेगाने वीस मिनिटं, आठशेच्या वेगाने साडेदहा, सोळाशेच्या वेगाने पाच-सव्वापाच. साडेतीन तासांची वीस मिनिटं होणं हा खरा फायदा, आणि तो आधीच पदरात पडला होता.

५ गिगाबिटवर थांबणं हा पर्याय म्हणूनच खरा होता, आणि मी आधी तोच सुचवला. तिची बाजू वेगळी होती. टाइप-सी पोर्ट नसल्यामुळे प्रत्येक वेळी वेगळी केबल शोधावी लागते आणि मागचे चार पोर्ट भरून गेलेत. ते मला पटलं. एक कार्ड बसवायचंच, तर प्रश्न उरला कोणतं.

थंडरबोल्ट, वीस की दहा

थंडरबोल्टचा निकाल लवकर लागला. डेस्कटॉपमध्ये थंडरबोल्टचं कार्ड घालायचं तर मदरबोर्डवर त्यासाठीची खास पिनांची जागा आणि फर्मवेअरचा आधार लागतो. या बोर्डवर ती सोय नाही, म्हणजे थंडरबोल्टसाठी अख्खा कॉम्प्युटर बदलायचा. आणि तो बदलला तरी हा एसएसडी तिथे बहुधा १० गिगाबिटवरच चालला असता, कारण थंडरबोल्ट आणि यूएसबी४ च्या पोर्टांना गुणिले दोनचा प्रकार पाळणं सक्तीचं नाही आणि अनेक पोर्ट तो पाळत नाहीत. दिग्दर्शिकेच्या लॅपटॉपवर नेमकं तेच होतं: पोर्ट ४० गिगाबिटचा, एसएसडी जुळला दहावर. थंडरबोल्ट उत्तम आहे, पण चार-सहा डिस्कचा संच, बाहेरचं ग्राफिक्स कार्ड, किंवा लॅपटॉपला एकाच केबलीतून पडदा, डिस्क आणि वीज द्यायची असेल तेव्हा.

वीस की दहा, हे ठरवायला मात्र कॅबिनेट उघडावं लागलं, आणि टेपांनी त्यात निर्णायक भाग घेतला.

मिनी डीव्हीच्या टेपा फायरवायरने, म्हणजे कॅमेरे जोडायच्या एका जुन्या केबल-पद्धतीने, उतरवायच्या असतात. हे मानक १९९५ चं, वेग ४०० मेगाबिट, कागदावर यूएसबी २.० पेक्षाही कमी. डीव्हीचा प्रवाह तर आणखी छोटा: आवाजासकट सेकंदाला ३.६ एमबी, तासाला १३ जीबी. आजच्या कोणत्याही पोर्टाच्या तुलनेत किरकोळ. पण टेप फिरत असते, ती कॉम्प्युटरसाठी थांबत नाही. फायरवायर दर सेकंदाला ८००० आवर्तनं करतं आणि प्रत्येक आवर्तनात अशा प्रवाहासाठी जागा राखून ठेवतं, म्हणून फ्रेम गळत नाहीत. या कॅमेऱ्याला यूएसबीचा पोर्टही आहे, पण त्यातून फक्त मेमरी कार्डावरचे फोटो निघतात. टेपेवरचं मूळ डिजिटल चित्रण जसंच्या तसं हवं तर फायरवायरला पर्याय नव्हता. एका तासाची टेप एका तासातच उतरते, तिथे घाई चालत नाही.

म्हणजे कार्डं दोन झाली: यूएसबीचं आणि फायरवायरचं. फायरवायर कार्डाला मदरबोर्डवरचा छोटा, एका लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची एक वाट) स्लॉट पुरतो. यूएसबी कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या लांब स्लॉटमध्ये जाणार होतं. तो दिसायला सोळा लेनचा, प्रत्यक्षात चारच लेनचा, आणि त्याही पीसीआयई २.० या स्लॉटांच्या जुन्या मानकाच्या, म्हणजे लेनमागे ५०० एमबी. मदरबोर्डच्या पुस्तिकेत स्लॉटांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: छोट्या स्लॉटमध्ये कार्ड असेल तर खालचा लांब स्लॉट दोन लेनवर चालेल.

त्या एका ओळीने निर्णय झाला. वीस गिगाबिटच्या कार्डाला पूर्ण चार लेन लागतात. फायरवायर कार्ड बसलेलं असताना त्याला दोनच मिळाल्या असत्या, म्हणजे कमाल १००० एमबी, प्रत्यक्षात आठशेच्या आसपास. १० गिगाबिटचं जे कार्ड आम्ही बघत होतो त्याची चिप मुळातच दोन लेन वापरते. दोघांचाही शेवट त्याच आकड्यावर. आम्ही १० गिगाबिटचं घेतलं, एक टाइप-सी आणि एक चपटा पोर्ट असलेलं. ते चुकून छोट्या स्लॉटमध्ये बसवलं असतं तर एका लेनवर चारशेच मिळाले असते, म्हणजे कार्ड घेऊनही वेग होता तिथेच.

फायरवायरची केबल लावताना एक काळजी घेतली, आणि ती कोणीही घ्यावी. कार्डाकडचा सहा पिनांचा प्लग वीजही वाहतो, आणि ती यूएसबीच्या पाच व्होल्टपेक्षा बरीच जास्त असू शकते. जुन्या, सैल झालेल्या पोर्टात तो उलटा घुसला तर कॅमेऱ्याचा पोर्ट कायमचा जातो. कॅमेरा बंद ठेवून, प्लगची निमुळती बाजू नीट बघूनच तो लावायचा. विंडोजसाठी फायरवायरचा जुना ड्रायव्हरही वेगळा बसवावा लागला. त्यानंतर टेपांनी त्रास दिला नाही.

बाकीची मांडणी

नवं कार्ड लागल्यावर एसएसडी आठशेच्या जरा खाली स्थिर झाला, आणि माउस अडखळायला लागला. बाण मध्येच थांबायचा, मग उडी मारायचा. बिनतारी माउसचा छोटा रिसीव्हर एसएसडीच्या केबलीला खेटून, मागच्या निळ्या पोर्टात होता. यूएसबी ३.० च्या तारांमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो. इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेन्शन केबलीने टेबलावर आणला, यूएसबी २.० च्या पोर्टातून, आणि त्रास मिटला.

त्या निमित्ताने यूएसबी २.० चे दोन्ही पोर्ट कामाला लागले. माउसचा रिसीव्हर एकात, ऑडिओ इंटरफेस दुसऱ्यात. दोन चॅनेल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा आवाज सेकंदाला ४.६ मेगाबिट होतो, म्हणजे ४८० मेगाबिटच्या पोर्टाचा एक टक्का. अशा उपकरणासाठी निळा पोर्ट अडवून ठेवायचं काहीच कारण नाही.

दिग्दर्शिकेची हार्ड डिस्क मधूनच निखळायची, तीही तक्रार होती. ताई ती वीज न लावलेल्या हबवर, कार्ड रीडरच्या शेजारी लावत होती. यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो आणि तेवढ्यातच हबवरच्या सगळ्यांनी भागवायचं असतं. तबकडी फिरायला लागताना एकटी डिस्कच त्यातला मोठा वाटा खाते. ती आता थेट मागच्या पोर्टात लागते, हबवर फक्त रीडर. रात्रीच्या बॅकअपची मोठी हार्ड डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर, ५ गिगाबिटच्या पोर्टात. तबकडीला त्याहून जास्त काही द्यायची गरजच नाही.

सगळं नेटवर्कवर का ठेवू नये, असंही तिने विचारलं. घरचं वायरचं नेटवर्क एक गिगाबिटचं, त्यातून ११० एमबीच्या आसपास मिळतात. बॅकअपला ठीक, रोजच्या एडिटिंगला तोकडं. अडीच गिगाबिटचं मानक २०१६ पासून आहे आणि ते बहुतेक घरांतल्या जुन्या नेटवर्क केबलीवरही चालतं. पण त्यासाठी दोन्ही टोकांची यंत्रं आणि मधला स्विच बदलायचा, आणि ती डिस्क दिग्दर्शिकेकडे नेता येणार नाही ती नाहीच. तो विषय तिथेच थांबला.

एक गोष्ट अजून उरली आहे. टेपा, कार्डं आणि आलेल्या हार्ड डिस्क यांवरून एसएसडीवर लिहिताना काही अडत नाही, कारण ते स्रोतच सावकाश आहेत. पण आतल्या डिस्कवरून चारशे जीबी परत एसएसडीवर टाकले की सुरुवातीला आठशेच्या आसपास असलेला वेग थोड्या वेळाने धाडकन खाली येतो, ५ गिगाबिटच्या पोर्टालाही जड वाटणार नाही इतका. स्वस्तातल्या एसएसडीत हे ठरलेलं असतं. मोकळ्या जागेचा काही भाग तो तात्पुरता एका पेशीत एकच बिट ठेवून भराभर लिहितो. ती जागा भरली की प्रत्येक पेशीत चार बिट कोंबायचं खरं, संथ काम सुरू होतं. डिस्क जितकी भरलेली, तितकी ही तात्पुरती जागा लहान. म्हणून ताई आता संपलेले प्रोजेक्ट लगेच बॅकअपच्या डिस्कवर हलवते आणि एसएसडीचा तिसरा हिस्सा तरी मोकळा ठेवते. त्यानेही काम अडायला लागलं, तर पुढची खरेदी पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या, स्वतःची रॅम असलेल्या एसएसडीची, आणि तोही १० गिगाबिटचाच.